मोटरहोमच्या जनरेटरचा चोक : दुरुस्त करावा, बदलावा की हाताने ओढायचा बसवावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोराडोत डेन्व्हरजवळ राहतो आणि मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर एक जुने मोटरहोम विकत घेतले. त्यात ओनान कंपनीचा एमराल्ड मालिकेतला, पेट्रोलवर चालणारा ४ किलोवॅटचा जनरेटर आहे आणि त्याच्या पाटीवर मॉडेल म्हणून बीजीई ही अक्षरे आहेत. हिवाळाभर गाडी झाकून उभी होती. आता बाहेर काढल्यावर जनरेटरच्या दोन तक्रारी दिसतात. पहिली अशी, की थंड असताना स्टार्टर कितीही मारला तरी इंजिन पकडत नाही. मात्र एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडावर तळहात ठेवला की लगेच सुरू होते. दुसरी अशी, की गरम झाल्यावर इंजिनाचा वेग एकसारखा राहत नाही, लाटेसारखा वर-खाली होत राहतो आणि छतावरचा एसी चालू केला की इंजिन बंद पडते.

जवळच्या एका वर्कशॉपमध्ये दाखवले असता ‘चोक गेला आहे, चोकसकट अख्खा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. सांगितलेला खर्च ऐकून मी तूर्तास गाडी परत आणली आहे. उन्हाळ्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत आहे. तिथे फिशिंग ब्रिजचा आरव्ही (मोटरहोमसारख्या गाड्यांचा) तळ सोडला तर वीज-पाणी-सांडपाण्याची पूर्ण जोडणी कुठल्याच तळावर मिळत नाही, त्यामुळे जनरेटरवाचून आमचे चालणार नाही. माझे प्रश्न असे : या जनरेटरचा फक्त चोक बदलता येतो का? आहे तोच दुरुस्त होतो का? की स्वयंचलित चोकची कटकट काढून टाकून ट्रॅक्टरला असतो तसा हाताने ओढायचा चोक केबल घालून बसवावा? मला पाने-पक्कड वापरता येते, मल्टीमीटरही आहे, पण कार्ब्युरेटर आजवर कधी खोललेला नाही.

तेलकट हात

रानवाट, एकही सुटा भाग मागवण्याआधी दोन गोष्टी पाहून इथे लिहा. इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, सकाळी स्टार्टर न मारता, एअर फिल्टर काढून चोकची झडप कुठे उभी आहे ते पाहा. ती जवळजवळ बंद असायला हवी. मग बोटाने हलकेच ढकला. ती अडखळत नाही ना आणि सोडल्यावर आपोआप परत जागेवर येते ना, हे बघा. दुसरी गोष्ट इंजिन सुरू झाल्यावरची. चार-पाच मिनिटांत झडप हळूहळू उघडत जाऊन पूर्ण उघडी, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या दिशेला समांतर, उभी राहायला हवी.

आता एक सूचना, जी जनरेटरवर काम करताना नेहमी पाळावी. झडप बोटाने तपासण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मोटरहोमच्या जनरेटरला आतल्या पॅनेलवरून सुरू करायचे बटण असते आणि काही गाड्यांत बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू करणारी यंत्रणाही असते. तुमची बोटे आत असताना घरातल्या कोणी सहज बटण दाबले तर काय होईल ते सांगायला नको. इंजिन चालू ठेवून बघायचे असेल तेव्हा गाडी उघड्यावर घ्या, आत कोणालाही बसवू नका, आणि चेहरा कार्ब्युरेटरच्या तोंडासमोर नेऊ नका, कारण तिथून कधीकधी ज्वाळेसकट उलटा फटका येतो.

मिनेसोटाकर

तेलकट हात यांनी सांगितले तेच आधी करावे. तोवर या चोकचे काम कसे चालते ते लिहितो, म्हणजे पुढचे तपासणे सोपे जाईल.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. पण जळते ती वाफ. इंजिन थंड असताना पेट्रोलमधले फक्त हलके घटक वाफ होतात आणि बाकीचे पेट्रोल नळीच्या थंड भिंतीवर थेंबांच्या रूपात चिकटून राहते. म्हणून सुरुवातीला हवेची वाट अडवून पेट्रोल प्रमाणापेक्षा बरेच जास्त ओढून घ्यावे लागते. चोकची झडप हेच करते : ती बंद असली की सिलिंडरची सगळी ओढ जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, पडते. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, ही थंडीतली आणखी एक अडचण.

एमराल्डच्या चोकवर एक गोल डबी असते. तिच्यात द्विधातू पट्टीची (दोन धातू जोडलेल्या, तापली की वाकणाऱ्या पट्टीची) गुंडाळी असते आणि त्या गुंडाळीला तापवणारी विजेची छोटी तार असते. थंडीत गुंडाळी आवळून झडप बंद ठेवते. इंजिन सुरू झाले की त्या तारेला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो, गुंडाळी तापते, सैल पडते आणि झडप उघडते. म्हणजे बिघडण्याच्या जागा मोजक्याच आहेत : झडपेचा दांडा अडकणे, तापवणारी तार जळणे, तिला वीज न मिळणे, किंवा डबी चुकीच्या कोनात बसलेली असणे. यातल्या फक्त एका कारणासाठी नवा चोक विकत घ्यावा लागतो.

आणखी एक. सुटा भाग मागवताना बीजीई एवढे सांगून भागत नाही. पाटीवर मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असते, त्याला स्पेक म्हणतात. ते अक्षर बदलले की तेच नाव असलेल्या जनरेटरचा कार्ब्युरेटर, गॅस्केट आणि चोक वेगळे असू शकतात. पाटीचा फोटो काढून ठेवा.

चाकांवरचं घर

आमचा जनरेटर एमराल्ड नाही, त्यानंतरच्या पिढीतला मायक्रोक्वाएट ४००० आहे, त्यामुळे चोकची रचना तुमच्यासारखीच असेल असे मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी कोणत्याही मोटरहोमला लागू पडतात आणि त्या तपासल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये असे मला वाटते.

पहिली पेट्रोलच्या टाकीची. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, पण त्याची नळी तळापर्यंत गेलेली नसते. पाव टाकीच्या आसपास पेट्रोल उतरले की जनरेटरला ते मिळेनासे होते आणि गाडी मात्र व्यवस्थित चालते. जंगलात जनरेटर चालवता चालवता घरी परतण्यापुरतेही पेट्रोल उरू नये असे होऊ नये, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. टाकी पाव भरलेली आणि गाडी उतारावर उभी असेल, तर एसी लावताच जनरेटर बंद पडणे हे लक्षण चोकच्या दोषासारखेच दिसते.

दुसरी गोष्ट किड्यांची. चिखलाची घरटी बांधणाऱ्या गांधीलमाश्यांना अशा बंदिस्त कप्प्यातल्या नळ्या आणि फटी फार आवडतात. हिवाळाभर उभ्या असलेल्या गाडीत हवेच्या वाटेत मातीचे घरटे निघाले तर नवल मानू नका. आमच्याकडे ते थंड हवेच्या जाळीत होते.

आमच्या जनरेटरच्या बटणावरचा दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. त्यातला ४ म्हणजे स्टार्टर मारूनही इंजिन सुरू झाले नाही, आणि ३६ म्हणजे कोणी न सांगता इंजिन बंद पडले. लोक ३६ आला की चोकचा आकडा आला असे समजतात. तो आकडा फक्त इंजिन थांबले एवढेच सांगतो. पेट्रोल, हवा, ठिणगी की चोक, हे आपणच शोधायचे असते.

रानवाट

सर्वांचे आभार. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे आणि गाडी सपाटीवर आहे. घरटे नाही. सकाळी बॅटरीची तार सोडवून पाहिले तेव्हा चोकची झडप जवळजवळ पूर्ण उघडी होती. बोटाने लावल्यावर बंद होते, पण दांडा चिकट लागतो आणि ती कुठेही सोडली तरी तिथेच उभी राहते. म्हणजे चोक खराब झाला आहे हे नक्की, असे समजू का? मग वर्कशॉपचे म्हणणे बरोबरच होते.

तेलकट हात

चोक अडकला आहे हे नक्की. तो गेला आहे हे अजून ठरायचे आहे. आणि तुमची दुसरी तक्रार चोकची आहे असे मला अजिबात वाटत नाही.

असा विचार करा. तुमची झडप उघडी अडकली आहे. थंड इंजिन सुरू न होण्याचे ते सरळ कारण आहे आणि तळहात ठेवल्यावर ते सुरू होते याचाही उलगडा होतो, कारण तुमचा तळहात चोकचे काम करत होता. पण गरम इंजिनाला चोक उघडाच हवा असतो. तुमचा तो उघडाच आहे. मग गरम झाल्यावर इंजिनाने वर-खाली व्हायचे कारण काय?

एक प्रयोग करा. इंजिन गरम होऊन वेग लाटेसारखा होऊ लागला की चोकची झडप एखाद्या लांब स्क्रू ड्रायव्हरने थोडी, पाव-अर्धी, बंद करा. त्याने इंजिनाचा आवाज एकसारखा झाला तर समजा, की इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे, आपल्या भाषेत मिश्रण लीन आहे, आणि ते बहुधा जेट तुंबल्यामुळे आहे. उलट झडप थोडी बंद केल्यावर इंजिन घुसमटून काळा धूर सोडू लागले, तर पेट्रोल आधीच जास्त आहे, मिश्रण रिच आहे. स्पार्क प्लगही काढून पाहा. लीन चालणाऱ्या इंजिनाचा प्लग पांढुरका दिसतो. रिच चालणाऱ्याचा कोरड्या काजळीने काळा होतो.

अर्धा चोक दिल्यावर जनरेटर बरा चालतो, म्हणून चोकच बिघडला आहे असे समजून नवा चोक घालणारे मी खूप पाहिले आहेत. चोक तिथे फक्त तुंबलेल्या जेटची उणीव भरून काढत असतो. नवा चोक घातला की तो आपले काम चोख करतो, गरम झाल्यावर पूर्ण उघडतो, आणि इंजिन पुन्हा तसेच वर-खाली होऊ लागते.

मिनेसोटाकर

याला एक जोड. वेगाची लाट गव्हर्नरमुळे, म्हणजे इंजिनाचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या यंत्रणेमुळेही, येते. गव्हर्नरपासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या कडीवर धूळ आणि तेल बसून ती अडखळत असेल, तर ती उशिरा हलते आणि मग जास्त हलते. प्रयोग सोपा आहे : इंजिन चालू असताना ती कडी पक्कडीने हलकेच एका जागी धरून ठेवावी. लाट थांबली तर दोष गव्हर्नरकडे, नाही थांबली तर पेट्रोलकडे. पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवून हे करावे आणि इंजिनाचा वेग वाढू देऊ नये.

वेगाबद्दल एवढी काळजी घेण्याचे कारणही सांगतो. बीजीई जनरेटर ४ पोलचा असून तो मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर चालतो, त्यातूनच अमेरिकेतल्या विजेची ६० हर्ट्झ वारंवारता मिळते. इंजिनाचा वेग लाटेत गेला की वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही हलतात. जनरेटर असा चालत असताना एसी किंवा मायक्रोवेव्ह लावू नये. प्लगमध्ये खोचून वारंवारता दाखवणारे छोटे मीटर बाजारात मिळते, ते या कामी फार उपयोगी आहे.

जुनं ते सोनं

मी नाशिकचा. मोटरहोम माझ्या आवाक्यातली गोष्ट नाही, पण लग्नाच्या मांडवात आणि गणपतीत भाड्याने जाणारे छोटे जनसेट दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली. पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर केरोसीनवर न्यायचे ते सेट अनेकांना आठवत असतील. त्या सगळ्यांना हाताचा चोक होता. लिव्हर लावायची, दोरी ओढायची, इंजिनाने पकडले की लिव्हर हळूहळू मागे घ्यायची. त्यात बिघडण्यासारखे काही नव्हतेच. बजाजची स्कूटर ज्यांनी चालवली त्यांना चोक कधी द्यायचा आणि कधी काढायचा हे कोणी वेगळे शिकवले नव्हते. रानवाट यांनी सरळ केबल घालून हाताचा चोक बसवावा असे माझे मत आहे. डबी, गुंडाळी, तापणारी तार, हे सगळे एका साध्या झडपेसाठी कशाला हवे?

चाकांवरचं घर

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून मी याला विरोध करते. तुमच्या जनसेटशेजारी माणूस उभा असायचा. मोटरहोमचा जनरेटर बाहेरच्या कप्प्यात असतो आणि आपण तो आतून, बटण दाबून सुरू करतो. पावसात आणि काळोखात तर नक्कीच आतून. हाताचा चोक घातला की दर वेळी खाली उतरून कप्पा उघडावा लागेल. आपोआप सुरू होणारी यंत्रणा असेल तर ती निरुपयोगी होईल.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. चोक परत ढकलायला विसरले तर इंजिन रिच चालत राहते, आणि रिच चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कितीतरी जास्त असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. दुकानाच्या मागे ठेवलेल्या जनसेटची गोष्ट वेगळी आणि ज्याच्या वर आपण झोपतो त्या जनरेटरची वेगळी. चोक कोणताही असो, मोटरहोममधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत आहे ना, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे रानवाट यांनी आजच पाहावे. त्या अलार्मच्या आतल्या सेन्सरला ठरावीक वर्षांचे आयुष्य असते आणि जुन्या गाडीत तो बहुधा गाडीइतकाच जुना असतो.

जुनं ते सोनं

ताई, वायूचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही बंद खोलीत सेट लावू नका असे ओरडून सांगावे लागायचे. तरी एक म्हणतो : स्वयंचलित चोक अडकला तर तोही रिचच चालवतो, आणि तो अडकला आहे हे बटण दाबणाऱ्याला कळतही नाही. हाताच्या चोकचे काय झाले ते निदान हाताला कळते.

तेलकट हात

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बंद अडकलेला चोक आणखी एक नुकसान करतो, ते इथेच सांगून टाकतो : न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली तेलात उतरते. तेलाच्या कांडीला पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली तर तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. माझे मत असे, की हाताचा चोक हा अडलेल्या वेळेचा उपाय आहे. प्रवासाच्या मध्ये चोक गेला, भाग मिळत नाही, तेव्हा तो जरूर करावा. घरासमोर गाडी उभी असताना आणि सगळे तपासायला वेळ असताना मूळ व्यवस्था दुरुस्त करावी.

रानवाट

प्रयोग केले. गव्हर्नरची कडी धरूनही लाट थांबली नाही. चोकची झडप थोडी बंद केल्यावर मात्र इंजिन एकदम शांत झाले आणि तशा स्थितीत एसीसुद्धा चालला. प्लग पांढुरका आहे. म्हणजे जेट. आता जेट आणि चोक दोन्ही साफ करायचे असतील तर कसे करावे, आणि चोकची तार जळली आहे का हे कसे ओळखावे?

तेलकट हात

आधी पेट्रोलचा पुरवठा बंद करा, बॅटरी सोडवा, जवळपास सिगारेट, गीझरची ज्योत, ठिणगी उडवणारे काहीही नको. सोडवण्याआधी प्रत्येक कडीचा आणि स्प्रिंगचा फोटो काढा. कडी कुठल्या भोकात होती ही गोष्ट हटकून विसरते. चोकच्या डबीवर आणि तिच्या बैठकीवर आरपार एक रेघ खिळ्याने ओरखडून ठेवा, म्हणजे मूळ कोन सापडेल.

कार्ब्युरेटर खाली उतरवल्यावर त्याचा बाउल, म्हणजे पेट्रोल साठणारी खालची वाटी, उघडा. हिवाळाभर राहिलेल्या पेट्रोलचा तळाशी मधाच्या रंगाचा चिकट थर दिसेल. हाच थर जेटमध्ये असतो आणि हाच चोकच्या दांड्यावरही असतो, त्यामुळे तुमच्या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. जेट काढून कार्ब क्लीनरने भिजवा, आरपार उजेड दिसेपर्यंत हवा मारा. तार किंवा सुई घालून जेट कोरू नका. त्याचे भोक मापाचे असते आणि ते थोडे जरी वाढले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांतूनही फवारा मारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो ना ते पाहा. मिश्रणाचा स्क्रू बाहेरून असेल, तर तो काढण्याआधी हलकेच पूर्ण आत बसेपर्यंत किती फेरे जातात ते लिहून ठेवा. क्लीनर मारताना चष्मा घाला आणि रबराचे भाग आधी बाजूला काढा.

चोकच्या दांड्याला दोन्ही टोकांशी क्लीनर मारत झडप पुढे-मागे करत राहा, ती स्वतःच्या वजनाने हलेपर्यंत. झडपेचे दोन बारीक स्क्रू काढायच्या फंदात पडू नका. त्यांची टोके कारखान्यातच ठोकून पक्की केलेली असतात. जबरदस्तीने काढले तर ते पुन्हा घट्ट बसत नाहीत आणि एखादा सुटला तर थेट इंजिनात जातो. साफ झाल्यावर दांड्याला साधे तेल लावू नका, त्यावर धूळ बसून काही महिन्यांत तीच अवस्था होईल. लावायचेच तर कोरडे ग्रॅफाइट लावा.

मिनेसोटाकर

विजेचे तपासणे असे. डबीची तार सोडवून मल्टीमीटरने तापवणाऱ्या तारेचा रोध मोजा. थोडे ओहम दाखवले तर तार शाबूत आहे. मीटरने अनंत दाखवले तर ती तुटली आहे आणि नवा चोक घ्यावा लागेल. शाबूत असेल तर तार परत जोडा, इंजिन सुरू करा आणि येणाऱ्या तारेवर १२ व्होल्टच्या आसपास येतात का पाहा. येत नसतील तर दोष चोकपर्यंत येणाऱ्या वायरिंगमध्ये किंवा कंट्रोल बोर्डात आहे आणि चोक बदलून काहीही होणार नाही.

व्होल्ट येत आहेत, तार शाबूत आहे, तरी डबी गरम होत नाही, असेही घडते. तेव्हा अर्थिंग पाहावे. मीटरचा काळा टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक चोकच्या धातूच्या अंगाला, किंवा वेगळी अर्थची तार असेल तर तिच्या टोकाला लावावा. इंजिन चालू असताना तिथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. काही व्होल्ट दिसले तर वीज परतीच्या वाटेवर अडते आहे. जुन्या जनरेटरमध्ये स्क्रूंच्या खालचा गंज हे त्याचे नेहमीचे कारण असते.

रानवाट

जेट भिजवून साफ केला आणि गरम इंजिनाची लाट पूर्ण थांबली. चोकचा दांडाही मोकळा झाला. थंड असताना झडप आता स्वतःहून बंद होते आणि इंजिन तळहाताशिवाय सुरू होते. मात्र नंतर ती उघडत नव्हती, काळा धूर येऊ लागला. तापवणारी तार शाबूत निघाली, व्होल्टही येत होते. मिनेसोटाकर म्हणाले तसे अर्थच्या बाजूला चार व्होल्टच्या वर दिसत होते. स्क्रू काढून खालची जागा पॉलिश पेपरने घासली, आता झडप पूर्ण उघडते. नवा भाग एकच लागला, बाउलचा गॅस्केट.

एक प्रश्न राहतो. झडप उघडायला अजून जरा जास्त वेळ घेते असे वाटते. आणि यलोस्टोनला आम्ही इथल्यापेक्षाही उंचावर असू. तिथे चोकचे काही बदलावे लागेल का?

मिनेसोटाकर

उशीर होत असेल तर डबीचे स्क्रू सैल करून ती झडप उघडण्याच्या दिशेला अगदी किंचित फिरवा. तुमची ओरखड्याची रेघ इथे उपयोगी पडेल. हे फक्त पूर्ण थंड इंजिनावर करायचे असते, म्हणून एकदा फिरवले की त्याचा परिणाम पुढच्या थंड सुरुवातीलाच कळतो. एका दुपारीत बसवून टाकण्याचे हे काम नाही. बाहेरचे तापमान किती असताना झडप किती बंद असावी याचा तक्ता तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा आणि अंदाजापेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

उंचीबद्दल : यलोस्टोन सरोवर साधारण ७,७०० फुटांवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून तेवढ्याच जेटमधून येणाऱ्या पेट्रोलला हवा कमी पडते आणि मिश्रण आपोआप रिच होते. चोक थोडाही अडकून राहिला तर समुद्रसपाटीवर जे खपून जाईल ते तिथे खपणार नाही. शिवाय दर १,००० फुटांना जनरेटरची ताकद सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते असे धरतात. म्हणजे तुमच्या ४ किलोवॅटमधून तिथे तीनच्या आतबाहेर मिळेल. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले आणि जनरेटर दबला, तर चोककडे बोट दाखवण्याआधी ही वजाबाकी करून पाहा. डेन्व्हरलाच तुम्ही ५,२८० फुटांवर असल्यामुळे तुमची बरीचशी वजाबाकी आताच झालेली आहे.

चाकांवरचं घर

आणि परत आल्यावर जनरेटर तसाच बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा साधारण दोन तास, अर्ध्या लोडवर चालवावा असे ओनानच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. नुसता रिकामा चालवून उपयोग नाही, लोड असला की इंजिन नीट तापते. हिवाळ्यात ते जमणार नसेल तर टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घालून, ते पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ जनरेटर चालवून मगच गाडी झाकावी.

तेलकट हात

वर्कशॉपबद्दल एक वाक्य त्यांच्या बाजूने. तुम्ही सवडीने केलेले हे काम त्यांनी केले असते तर मजुरीच नव्या कार्ब्युरेटरच्या घरात गेली असती, आणि साफ केलेल्या जुन्या जेटची हमी कोणी देत नाही. म्हणून ते सरसकट बदलायला सांगतात. फक्त बदलायचाच झाला तर स्वस्तातला नकली कार्ब्युरेटर घेऊ नका. बाहेरून तो हुबेहूब दिसतो, पण त्याचे जेट त्याच मापाचे असतील याची खात्री नसते, आणि चोकची डबी कधीकधी वेगळ्याच कोनात बसते.

नवा भिडू

धागा वाचून माझ्याही जनरेटरचा चोक शोधायला गेलो, पण सापडला नाही. आमचा एलपीजीवर चालतो. थंडीत सुरू व्हायला त्रास देतो. चोक कुठे असतो?

मिनेसोटाकर

एलपीजी जनरेटरमध्ये आत वायूच येतो, वाफ करायचा प्रश्न नसतो, म्हणून तुमच्या जनरेटरला बहुधा चोकच नसेल. डिझेलला आणि इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल जनरेटरलाही असा चोक नसतो. तुमच्या बाबतीत आधी सिलिंडरमधला गॅस किती उरला आहे ते पाहा. कडक थंडीत सिलिंडरमधला दाब उतरतो आणि थोडा गॅस शिल्लक असेल तर तो पुरेसा वेगाने वाफ होत नाही. मग रेग्युलेटर आणि स्पार्क प्लग. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.